खिशात मावेल असा

बॅग उचलण्याआधी तिची चेन लावलेली आहे की नाही ते बघायचं असतं, एवढी अक्कल मेहुण्याला होती. फक्त त्या सकाळी ती घरी राहिली होती. शाळेच्या जिन्यात, अगदी वरच्या पायरीवर, त्याने भाऊजींची काळी बॅग पैलवानाच्या ऐटीत खांद्यावर टाकली आणि तिच्यातली सगळ्यात मोठी लेन्स खाली उतरायला लागली. पडली असं म्हणवत नाही, कारण तिला काही घाई नव्हती. एक पायरी उतरली, क्षणभर टेकली, मग पुढची उतरली. मनात आणलं असतं तर धरता आली असती. पण मेहुण्याचे दोन्ही हात पट्ट्यात अडकलेले आणि तोंडाचा आ झालेला; नुसता आ करून लेन्स धरता येत नाही. ती थेट तळाला जाऊन शिपायाच्या चपलेला लागली. शिपायाने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि हाक मारली, "थर्मास कोणाचा पडला हो?"

थर्मासचे मालक वरून धावत आले. भाऊजी म्हणजे मेहुण्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने फोटोग्राफर. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, दुकानांची उद्घाटनं, ओळखपत्रं; माणूस इस्त्रीचे कपडे घालून जिथे म्हणून उभा राहतो तिथे समोर भाऊजी असायचेच. "जरा हनुवटी खाली" हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की गल्लीतली पोरं त्यांना हनुवटीकाका म्हणायची. दोन कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, तिपाई असा सगळा संसार उजव्या खांद्यावर वागवून वागवून तो खांदा डाव्यापेक्षा चांगला खाली आला होता. शिंपी माप घेताना म्हणायचा, "साहेब, सरळ उभे राहा." भाऊजी म्हणायचे, "हाच माझा सरळ." सुट्टीच्या दिवशी मेहुणा बँकेतली खुर्ची सोडून त्यांच्याकडे हौसेने हमाली करायला यायचा. त्या हौसेचं फळ आता शिपायाच्या हातात होतं.

भाऊजींनी लेन्स कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. 

"बरं झालं," भाऊजी म्हणाले.

धक्का डोक्यात गेला, असं मेहुण्याला वाटलं. "भाऊजी, पाणी आणू का?"

"पाणी कशाला? ही जाईल दुरुस्तीला. या आठवड्याची कामं मित्राच्या गळ्यात मारतो आणि मी मोकळा. संध्याकाळी बँकेतून थेट दुकानात ये. बिट्टी इथे आहे तोवर मला एक छोटा कॅमेरा घ्यायचाय. खिशात मावेल असा."

बिट्टी ही भाऊजींची एकुलती एक. शिकून सवरून मोठी झाली, समुद्रापलीकडे नोकरी लागली आणि जाण्याआधी आठवडाभर घरी राहायला आली होती. परत कधी येणार, याचं उत्तर ती "बघू" असं द्यायची, आणि ते ऐकलं की ताई उगाचच ओटा पुसायला लागायची. त्याच ताईने एकदा ओटा पुसता पुसता नवऱ्याला सांगितलं होतं, "लोकांच्या पोरींचे भिंतीएवढे फोटो काढता. आपल्या पोरीचा एक द्या मला, समोर लावायला."

भाऊजी मोठ्या रुबाबात कॉम्प्युटरपुढे बसले. फोटोग्राफरच्या मुलीच्या फोटोंना काय तोटा? तोटा नव्हताच, ढीग होता. पण ते सगळे फोटो लाईटचे होते.

म्हणजे असं, की गिऱ्हाईक आत येण्याआधी दिवे कुठे ठेवायचे, सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडते, हे बघायला कोणीतरी उभं करावं लागतं. स्टुडिओच्या फरशीवर चिकटपट्टीची फुली होती. शाळेतून आली की बिट्टी दप्तरासकट त्या फुलीवर उभी राहायची. "बिट्टे, लाईटला ये गं," अशी हाक आली की आली. हसायचं नाही, हलायचं नाही, हनुवटी खाली, नजर बाबांच्या कानाकडे. भाऊजी दोन-तीनदा बटण दाबायचे, दिव्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "झालं, जा." लेकीकडे बघायची गरजच पडत नसे, ती चुकतच नव्हती. पोरगी लाईटला इतकी तयार झाली, की धंद्यातले लोक म्हणायचे, तुमच्या मुलीसारखं उभं राहायला मोठ्या माणसांना जमत नाही. भाऊजींची मान ताठ व्हायची.

त्या दिवशी ते फोटो एकामागून एक पाहताना मान ताठ राहिली नाही. बिट्टी वाढत होती, दप्तर जाऊन पर्स आली, दोन वेण्यांची एक झाली, आणि चेहरा तसाच. एका गालावर उजेड, एका गालावर अंधार, नजर कानाकडे. भाऊजी त्या ढिगात आपली मुलगी शोधत राहिले आणि ताई दोनदा जेवायला बोलावून गेली.

खरी बिट्टी कशी हसते ते सगळ्या घराला ठाऊक होतं. ती नाक गोळा करते, डोळे मिटते, आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्या पाठीत धपाटे घालते. मेहुण्याची पाठ त्या बाबतीत जाणकार होती. हे हसू भाऊजींना हवं होतं. पण ती आली त्या दिवशीच त्यांनी दारात मोठा कॅमेरा डोळ्याला लावला, आणि पोरीने हातातली बॅग खाली ठेवली, दोन पावलं मागे सरकली आणि हनुवटी खाली घेतली. कोणी काही सांगितलं नव्हतं. वर विचारलं, "झालं का बाबा? जाऊ?"

"मग मोबाइलवर काढा ना," मेहुण्याने दुकानात पाय ठेवता ठेवता सुचवलं.

"मोबाइलचं तिचं वेगळं हसू आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणींचं असतं तेच. दात मोजून दाखवल्यासारखं. मला ते नको. कॅमेरा दिसलाच नाही पाहिजे. बाहेर आला, काम केलं, आत गेला."

"हे पाकीटमाराचं वर्णन झालं."

"तसंच समज."

दुकानदार भाऊजींचा जुना दोस्त. मोठं धूड विकत घेणारा माणूस आज चिमुकल्या कपाटाकडे वळलेला पाहून त्याने आधी तब्येतीची चौकशी केली. मग काचेवर एकेक बारकू मांडला. पहिल्याची लेन्स चालू करताच कासवाच्या मानेसारखी बाहेर आली, आणि येताना 'घूंऽऽ' असा आवाज केला.

"हा नको. हा घसा खाकरूनच खोलीत येतो."

दुसरा चित्र फार सुंदर घ्यायचा, पण छातीवर वीट ठेवल्यासारखा दिसायचा. तिसऱ्याच्या कपाळावर फोटो घेण्याआधी लाल दिवा लागायचा. "ह्याने तर तिला आधीच सांगून टाकलं!" चौथा सडपातळ, गुणी, मुका, पण बटण दाबल्यावर जागा व्हायलाच वेळ लावायचा. भाऊजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा तुमच्या बँकेतला दिसतो." मेहुण्याने तो टोमणा गिळला, लेन्सचं ताजं होतं.

त्या संध्याकाळी काही ठरलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. भाऊजी कॅमेरा खिशात घालून दुकानात येरझारा घालायचे, खाली वाकून बघायचे, मेहुण्याला समोर उभा करून "आता तू हस" म्हणायचे आणि झटकन खिशात हात घालायचे. बाकीची गिऱ्हाइकं हळूच बाजूला सरकायची. घरी बिट्टी विचारायची, "आई, बाबा कुठे गेले?" ताई म्हणायची, "तुझ्यासाठी कॅमेरा बघायला."

"माझ्यासाठी? मला कुठे हवाय?"

"मला विचारू नकोस. तुझे बाबा म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा."

एका संध्याकाळी बिट्टीने मुद्दाम बाबांच्या आवडीचं काहीतरी करून ठेवलं होतं. दोघं दुकान बंद झाल्यावर घरी पोचले, तोवर सगळं गार झालं होतं. भाऊजींनी ते मिटक्या मारत खाल्लं, पण खाताना समोर बसलेल्या लेकीकडे बघून सांगत काय होते, तर सेन्सरचा आकार. मेहुण्याने त्यांना टेबलाखालून पायाने ढोसलं. लागलं ताईला.

दुसऱ्या दिवशी वाटेत त्याला राहवलं नाही. "भाऊजी, राग मानू नका. पोरगी घरी बसलीय आणि आपण तिच्यासाठी इथे उंबरे झिजवतोय. हातात येईल तो घ्या आणि चला ना."

भाऊजी चालता चालता थांबले. "आजवर हातात होता तो वापरला. त्याचं काय झालं ते बघितलंस ना? ह्या वेळी चुकायचं नाहीये मला."

दुकान आल्यावर मेहुण्याने स्वतःच पुढे होऊन दार उघडलं.

शेवटी ठरला तो कॅमेरा सगळ्यात साधा. झूम नाही, आवाज नाही, दिवा नाही, हातात साबणाच्या वडीएवढा. "झूमचं काय?" दुकानदाराने विचारलं. भाऊजी म्हणाले, "जवळ जाईन." सगळं जमलं, आणि नेमका तो शर्टाच्या खिशात मावेना. पुन्हा पहिल्यापासून कॅमेरे बघायची वेळ येते की काय, ह्या धास्तीने मेहुण्याने त्यांना ओढतच शिंप्याकडे नेलं. शिंप्याने खिसा मोठा केला, खोल केला, आणि वस्तू मोलाची दिसते म्हणून आपल्या मनाने वर झाकण लावून त्याला काजं-बटणही केलं. ताईने तो शर्ट पाहिला आणि म्हणाली, "ह्यात भाजीसुद्धा येईल. जाताच आहात तर आणा."

हे झालं बिट्टी जायच्या आदल्या दिवशी. भाऊजींनी घरी येऊन पडद्याचे, पंख्याचे, खुर्चीच्या पायाचे फोटो काढून पाहिले. खूश झाले. बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावली आणि शांत झोपले. इतके शांत, की घोरणं ऐकून ताईला झोप आली नाही. अर्थात तिला ती तशीही येणार नव्हती.

सकाळी बॅगा भरून झाल्या, एक सोडून. ती काही केल्या बंद होईना. ताईने वर बैठक मारली, तरी चेन मध्येच अडली. बिट्टी शेजारी बसली. मेहुणा गुडघ्यावर बसून चेन ओढत होता. चेन लावण्याच्या बाबतीत तो आता फार जागरूक झाला होता.

"आई, तू नीट बस ना!"

"ह्याहून नीट कशी बसू? आयुष्यभर बसून वाढवलेलं वजन आहे हे, फुकट जातंय."

तेवढ्यात बॅगेने आतून अशी काही उचल खाल्ली, की ताई एका बाजूला कलंडली आणि फटीतून एक स्वेटर निम्मा बाहेर आला. त्याची बाही जमिनीवर लोळायला लागली. बिट्टीने ते पाहिलं आणि फुटली. नाक गोळा, डोळे मिटलेले, तोंडातून आवाजसुद्धा फुटेना, नुसते मामाच्या पाठीत धपाधप धपाटे. खिडकीतून सकाळचा उजेड तिच्या केसांवर आलेला. तो कोणी लावलेला नव्हता.

भाऊजी दारात उभे होते. हात खिशाकडे गेला. आधी झाकणाचं बटण. त्या जाड बोटांना ते सापडेना. सापडलं तर काजातून निघेना. निघालं. खोल खिशाच्या तळाशी गेलेला कॅमेरा चिमटीत धरून वर काढला, चालू केला, डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्याने फोटो काढला नाही. रात्रभर बॅटरी बाहेर राहिल्यामुळे तो दिवसांचं भान विसरला होता. त्याच्या पडद्यावर अक्षरं आली: आजची तारीख भरा.

"अरे..." भाऊजी म्हणाले. फार हळू म्हणाले, पण तेवढं पुरे होतं. बिट्टीने डोळे उघडले. बाबांच्या हातात काहीतरी आहे हे तिने पाहिलं, आणि ती उठली. स्वेटर आत कोंबला, केस कानामागे घेतले, खिडकीकडे गाल करून उभी राहिली आणि हनुवटी खाली घेतली.

"इथून बरोबर आहे का बाबा लाईट?"

 ताईने तोंड फिरवलं. भाऊजींनी एकेक करून तारीख भरली, महिना भरला, साल भरलं, आणि मग एक फोटो काढला. न काढून करतात काय? पोरगी उभी होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "झालं, जा."

गाडी आली, बॅगा गेल्या, पाठोपाठ ती गेली. वळणावर तिने काचेतून हात बाहेर काढून हलवला. भाऊजींनीही हलवला, दोन्ही हलवले, आणि खिसा भरलेलाच राहिला.

पुढे लेन्स दुरुस्त होऊन आली. काळी बॅग पुन्हा उजव्या खांद्यावर चढली. ताईने तो खिडकीजवळचा फोटो लावला नाही, टाकलाही नाही. आरशामागे खोचून ठेवला. बिट्टीचा फोन यायचा, बोलणं व्हायचं, परत येण्याचं ती अजून "बघू" असंच म्हणायची.

आणि भाऊजींना नवंच वेड लागलं. मेहुणा जांभई देतोय, क्लिक. मेहुणा बनियनमध्ये बसून केळं सोलतोय, क्लिक. ताई गॅसवाल्याशी भांडतेय, दोघांचंही तोंड उघडं, क्लिक. झाकणाचं बटण तर त्यांनी बिट्टी गेली त्याच दिवशी कात्रीने उडवलं होतं. हात आता असा चालायचा, की फोटो निघाल्याचं माणसाला दुसऱ्या दिवशी कळे. एकदा मेहुण्याने स्वतःचा नखं कुरतडतानाचा फोटो पाहिला आणि त्याचा संयम सुटला.

"अहो भाऊजी, जिच्यासाठी घेतला ती गेली तिकडे. आता आमची कशाला ही शोभा?"

भाऊजींनी कॅमेरा खिशात सोडला, परत काढला, पुन्हा सोडला.

"ती येईपर्यंत हात बसायला नको?"