हळदीवरचा आळ

दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. नगरच्या एमआयडीसीत लेथ मशीनला जी झेंडूची माळ, तीच आमच्या औषधं तपासायच्या महागड्या एचपीएलसी यंत्राला. मी त्या दिवशी नसायचे. आमचं घर बौद्ध. दसऱ्याला पांढरे कपडे घालून आम्ही गावच्या विहारात वंदनेला.

त्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात शेजारच्या काचेच्या फ्लास्कनाही हळदीचं बोट लावलं. मला हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या मी त्यातल्याच एका फ्लास्कमध्ये गोळीचा नमुना विरघळवला.

रक्तदाबाची ती गोळी म्हणजे माझं इतक्या वर्षांचं काम. उन्हाळ्यात तिचं काय होईल ते आधीच कळावं, म्हणून काही गोळ्या आम्ही गरम, दमट कपाटात ठेवल्या होत्या. एचपीएलसीत औषध एका बारीक नळीतून ढकललं जातं आणि त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडून पडद्यावर उंचवटा उमटवतो. आमचा उंचवटा एकच यायला हवा होता. दोन आले.

दुसरा उंचवटा म्हणजे उष्णतेनं औषध फुटून भलतंच काहीतरी तयार होतंय, आणि ते माणसांच्या पोटात जाणार. कपाटातून काढलेल्या सगळ्या गोळ्या त्या नमुन्यात दळून झाल्या होत्या. कपाटातून पुढची खेप निघेपर्यंत गोळी बाजारात गेली असती.

सरांनी पडदा पाहिला आणि हसले. "मॅडम, हळद आहे ती. मीच लावली होती फ्लास्कला. तसं लिहून टाका, विषय संपला."

"तपासल्याशिवाय कसं लिहू, सर?"

"त्यात काय एवढं? तुमचा तर हळदकुंकवावर विश्वासही नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. "विश्वास नाही म्हणून तिच्यावर खोटा आळ घेऊ?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

खरं सांगायचं तर ती हळदच निघावी असं मला सरांपेक्षा जास्त वाटत होतं. नेवाशाजवळच्या गावात आई पत्र्याच्या घरात राहते. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा खिडकीत असतो, ऐन उन्हात. "माज्या लेकीची गोळी येनार हाय, मी तीच खानार," असं ती गावभर सांगत सुटली होती.

पूजेचं ताट अजून कोपऱ्यात होतं. त्यातली चिमूटभर हळद विरघळवून मी यंत्रात सोडली. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर रेघ सरकू लागली. तो अनोळखी उंचवटा जिथे आला होता, तिथेच हळद आली तर आम्ही सुटलो. ती जागा जवळ आली. ये, बाई, ये एकदाची, असं मी मनात म्हणत होते. रेघ त्या जागेवरून गेली. सपाट. हळद आली ती पार शेवटी, आपल्या वेळेला.

"पुन्हा टाका," सर म्हणाले.

पुन्हा टाकली. तेच.

सर स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "वर काय सांगू मी?"

"गोळी उन्हात टिकत नाही, हे सांगा."

त्यांनी सांगितलं. त्यासाठी त्यांना मानलं पाहिजे. गोळी बाजारात गेली नाही. प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला आणि मला कच्च्या मालाच्या चाचण्यांवर बसवलं. राग आला, रडूही आलं. पण तो निकाल बदलून लिहावा असं कधी वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरी गेले, तर जेवायला वाढता वाढता आईनं विचारलंच. "तुजी गोळी कवा येनार गं?"

"नाही येणार."

"आं? का?"

"उन्हात ठेवली की बिघडते ती, आई. माणसाला अपाय झाला असता."

तिनं वाढायचं थांबवून खिडकीकडे पाहिलं. मग उठली, चटका बसू नये म्हणून पदरात धरून तो डबा उचलला आणि माठाशेजारी नेऊन ठेवला.