स्फोटानंतरच्या कमानी

बैलांच्या व्यापारात मी शून्यातून उभा राहिलो. घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली हात धरून सौदा चालायचा. कुठली बोटं, किती पेरं दाबली त्यावर भाव ठरतो, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. मी मात्र छातीठोक सांगायचो, रुमाल कसा हलतो त्यावरून मला आतलं कळतं.

थोरला भाऊ माझा भागीदार. एकदा तो गिऱ्हाइकाचा हात धरून उभा होता. रुमाल हलला आणि मला वाटलं, यानं आपली चांगली जोडी मातीमोल सोडली, आतून संधान बांधलं. भर बाजारात मी ओरडलो, "चोर हाय हा!"

त्यानं हात काढला, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि चालता झाला. पुन्हा बाजारात आला नाही. तीन वर्षांनी वारला. मयतीला गेलो, तेव्हाही माझा राग उतरला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात त्याची मुलगी आली. ती पुण्यात सूर्याचा अभ्यास करते.

"काका, बाबांनी बाजार का सोडला? आईलाही ते कधी बोलले नाहीत."

मी विषय टाळला. "आधी तू सांग, त्या सूर्यात रोज काय बघतीस? डोळे जातील."

"दुर्बीण बघते हो, मी नाही." हसून तिनं मोबाईलवर चित्रफीत लावली. सूर्याच्या कडेला लखलखत्या कमानी उभ्या राहत होत्या.

"ह्याच फुटल्या व्हय?"

"नाही. स्फोट आधीच झाला. चुंबकीय रेषा ताणून तुटल्या, वरचा तापलेला वायू अवकाशात फेकला गेला. खाली तुटलेल्या रेषा पुन्हा जोडल्या जातात, त्यांच्या या कमानी. एकीवर दुसरी, तासन् तास. बघणाऱ्याला वाटतं, एकच कमान वाढतेय."

"अन् फेकलेलं?"

"ते गेलं, काका."

मी फीत पुन्हा लावायला सांगितली. भावाविरुद्ध माझ्याकडे केवढे पुरावे होते! तो त्या गिऱ्हाइकाला आधी भेटला होता, माझी नजर चुकवत होता, लहानपणापासूनच लबाड होता. ओरडलो तेव्हा यातलं एकही मनात नव्हतं. सगळं नंतर चढवलेलं. अजूनही दुपारी डोळा लागला की तो रुमाल हलतो आणि आतली बोटं दिसत नाहीत.

"सांगा ना."

"मी त्याला चोर म्हणालो. काय भाव धरला होता, ते विचारलंच न्हाई."

तिनं मोबाईल बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या गिऱ्हाइकाला तरी माहीत असेल. त्याचं गाव कुठलं?"

पाथर्डीच्या अलीकडचं. मला चांगलं ठाऊक होतं. ते गाव टाळायला इतकी वर्षं मी लांबच्या रस्त्यानं जातोय.