झोप विचारणारी

"आधी झोप विचारायची, सर. मरण नंतर."

असं म्हणून ती चष्मा कपाळावर चढवायची आणि प्रेताबरोबर आलेल्या माणसांसमोर सरळ जमिनीवर मांडी घालून बसायची. खाटेवर झोपला होता की खाली? कुठल्या कुशीवर? उशाशी काय होतं? अंगावर काय घेतलं होतं? रडत आलेली माणसं या प्रश्नांनी आधी गोंधळायची आणि मग आठवू लागायची. आठवता आठवता त्यांचा आवाज खाली यायचा, जणू आत टेबलावरचा माणूस नुसता झोपलाय आणि बोलण्यानं जागा होईल.

शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात आमचं छोटं सरकारी रुग्णालय आहे. मी तिथला डॉक्टर. ती न्यायवैद्यकात एम. डी. करत होती, म्हणजे माणूस कशानं मेला ते शोधायचं शास्त्र. अशा विद्यार्थ्यांना आता तीन महिने खेड्यात काढावे लागतात, तशी ती पावसाळ्यात आमच्याकडे आली. सोलापूरकडची, काटकुळी, बोलायला संथ. डोळे कायम अर्धे मिटलेले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ती जागी आहेत की नाहीत याची खात्री करायला आपण उगाच खोकतो.

शवविच्छेदनाची खोली मागच्या अंगाला, उंबराखाली. तात्या तिथला मदतनीस, माझ्याही आधीपासूनचा. आमची कामाची एक पद्धत होती. आज ती लिहून टाकतो. मी दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचो. कापायचा तात्या, बघायचा तात्या. तो आतून ओरडायचा, "फुप्फुस ठीक, सायेब. जठरात भात." आणि मी दारातून लिहायचो. सही माझी. इतकी वर्षं सही माझी होती, डोळे तात्याचे.

पहिल्याच दिवशी तात्या तिला म्हणाला, "मॅडम, तुमी भायेर थांबा. मी बोलतो तसं लिवा."

"आज मी बोलते, तात्या. तुम्ही माझ्या चुका काढा." ती आत गेली आणि तिथून तिनं मला विचारलं, "सर, तिथून दिसतं का?"

"सवय आहे," मी म्हणालो.

तिनं हातमोजे चढवले. मी दारातच राहिलो.

तिच्या कामाला वेळ फार लागायचा. घाटावरून धुकं उतरायचं, उंबराची पानं टपटपायची, आणि ती भिंग घेऊन एकेक बोट उलगडत बसायची. मेलेल्याचा हात खाली ठेवतानासुद्धा तो आपटू द्यायची नाही. तात्या वैतागायचा. "ही बाई मेल्याला उठवंल आन् जित्याला झोपवंल," तो तिच्यासमोरच म्हणायचा. तिला हे इतकं आवडलं की तिनं ते आईला फोन करून सांगितलं.

काम नसलं की दुपारी ती मागच्या बाकावर डुलकी काढायची आणि उठल्यावर स्वप्न सांगायची. स्वप्नात तिला तिनं तपासलेली माणसं भेटायची. एकानं तक्रार केली होती, "रिपोर्टात माझं वय पाच वर्षांनी वाढवलंत."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"नाही सर. जिवंतच असतात ती सगळी. फक्त कुणाला घाई नसते."

भादव्यात वैशाखरे गावातून एक तरुण शेतकरी आणला. रात्री जेवून झोपला, उजाडेपर्यंत संपला. भाऊ तावातावानं सांगत होते, "हिनंच घातलंय कायतरी. रातचा ठणठणीत व्हता. दोघांचं भांडान झालंवतं." बायको लांब भिंतीशी एकटी बसली होती. तिच्यात आणि बाकीच्यांत एखादी बैलगाडी जाईल एवढी जागा सगळ्यांनी सोडली होती. पोलीस हवालदारानं 'विषाचा संशय' असं आधीच लिहून आणलं होतं.

आमची विद्यार्थिनी उठली आणि त्या रिकाम्या जागेतून चालत तिच्यापाशी जाऊन बसली.

"कुठे झोपले होते?"

"खाली. गोधडीवर. भितीला लागून."

"मग?"

"पहाटं पोटात कळ आली म्हनले. वकले. मंग डोलं उघडंनात त्यांचं. मी म्हटलं, झोप नाय झाली पुरी." ती थांबली. "मीच झोपू दिला, बाई."

आत सुमारे दीड तास गेला. तात्याचा आवाज ऐकू येत होता, "मॅडम, शेंडीपास्नं अंगठ्यापतूर झालं. आता काय नखात शोधता?" मग तिनं हाक मारली. "सर, या जरा."

"सांग, लिहितो."

"लिहायचं नाहीये. बघायचंय."

मी आत गेलो. डाव्या कानामागे, केसांच्या कडेला, तिनं भिंग धरलं होतं. दोन टिंबं. सुईनं टोचावं तशी, शेजारी शेजारी.

"मण्यार," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मण्यार चावलेलं झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, मिटतात, श्वास थांबतो. माणूस झोपी जावा तसा जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रुग्णालयात अशी माणसं मी वाचवलीही होती. पण ती जिवंत आली होती, माझ्या टेबलावर.

बाहेर जाऊन तिनं भावांना सगळं समजावलं. "आज त्या खोलीत कुणी झोपू नका. पोरांना तर अजिबात नको." दुसऱ्या दिवशी सर्पमित्रानं त्या भिंतीच्या भेगेतून मण्यार काढली, ती बातमी नंतर आली. पण थोरला भाऊ तेव्हाच ती मोकळी जागा ओलांडून भिंतीपाशी गेला आणि म्हणाला, "चल बाय. पोरां वाट बघतान."

ती लगेच उठली नाही. उठल्यावर तोल गेला तेव्हा त्यानंच धरलं.

त्या दुपारी मी बाकावर जाऊन बसलो. आमची विद्यार्थिनी तिथं डोळे मिटून बसली होती. मी जे कुणालाच, घरीही, सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या एका गावची म्हातारी अशीच मेल्यावर आणली होती. पहाटे पोटात दुखलं, उलटी झाली. 'आत्याबाईंच्या पापण्या मिटत होत्या,' असं सुनेनं दाराशी येऊन मला दोनदा सांगितलं. आदल्या रात्री जेवण तिनंच वाढलं होतं. मी दारात उभा होतो. आत गेलो नाही. 'विषबाधेचा संशय' लिहिलं आणि पोटातले नमुने तपासणीला पाठवले. सुनेला तिच्या नवऱ्यानं त्याच आठवड्यात माहेरी पोचवलं. दोन वर्षांनी अहवालाची प्रत माझ्याकडे आली. विष आढळलं नाही. मी वाचली आणि फायलीत लावली. पोलिसांनी प्रकरण बंद केलं, घरानं केलं नाही. मी सुनेला कळवू शकत होतो. पण कळवायचं म्हणजे मी दारात उभा होतो हेही सांगावं लागलं असतं.

ऐकता ऐकता माझी विद्यार्थिनी झोपली, असं मला वाटलं. मग डोळे न उघडता तिनं विचारलं, "ती बाई आहे अजून?"

"आहे. धसईला, माहेरी भावाकडे. बाजाराला भाजी घेऊन बसते. मी तिथं भाजी घेत नाही."

"मग जा, सर."

"तूही चल ना."

"मी कागद वाचू शकते, सर. दारात तुम्ही होता."

एवढंच बोलली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तेव्हा गेलो नाही. आज काम, उद्या पाऊस. तिचे तीन महिने संपले. तात्या आणि मी तिला एसटीवर सोडायला गेलो. तात्यानं तिला काकड्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "मॅडम, आता आमची खोली लय घाईची व्हईल." ती हसली, खिडकीशी बसली, आणि गाडी सुरू व्हायच्या आतच डोकं काचेला टेकून झोपली. आम्ही दोघे प्रौढ पुरुष एका झोपलेल्या मुलीला हात हलवत उभे राहिलो. कंडक्टर आमच्याकडे विचित्र नजरेनं बघत होता.

पुढच्या आठवड्यात मी अहवालाची झेरॉक्स घेऊन धसईला गेलो.

सून आता पिकल्या केसांची झाली होती. अंगणात भेंड्या निवडत होती. मी उभ्यानंच बोललो. तुमच्या सासूबाईंच्या पोटात विष नव्हतं, बहुतेक मण्यार चावली असावी, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे, आणि त्या दिवशी मी आत जाऊन पाहिलंच नव्हतं. माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, मला कळलं नाही. तिनं कागद वाचून दाखवायला सांगितला. मग पुन्हा एकदा.

"मी मिठात शोधलं," ती म्हणाली. "डालीत शोधलं. मंग वाटाया लागलं, घातलंच असंल मी कायतरी. राग तर येयाचाच मना तिचा." भेंडीचं देठ तिच्या बोटांत तुटून गेलं. "हितं आल्यापास्नं चुलीला हात नाय लावला. भावाची पोरां जेवतात ना घरात."

तेवढ्यात भाची दारातून डोकावली. "आत्या, च्या ठेवू?"

"थांब गो," ती म्हणाली. "मी ठेवतंय."

ती आत गेली. मी अंगणात एकटा उरलो. मला माझ्या त्या विद्यार्थिनीची फार आठवण आली. ती तेव्हा दूर कुठल्या शहरात असेल, कुणाच्या तरी रडणाऱ्या माणसांसमोर जमिनीवर बसलेली. तिच्यामुळे इथं काय घडलं ते तिला ठाऊकही नसेल. फोन करावा असं वाटलं. पण हातात कप आला.

चहा धुरकट होता, साखर जास्त पडली होती. सून समोर उंबऱ्यावर बसली आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.