पीक नसलेल्या रानाची तारीफ

लढाई संपली आणि मी सोमाली मुलखातून घरी आलो. सोबत फौजेचं एक ब्लँकेट होतं आणि बंद न होणारं तोंड. माझं काम पाण्याची लॉरी चालवायचं. ना गोळी झाडली, ना खाल्ली. जनावरं मात्र पोटभर बघितली. गावातले लोक लढाईचं विचारत आणि मी हरणांचं सांगत बसे. हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं.

अशात काकानं स्थळ आणलं. मुलीकडचे कुरुंद्याच्या बाजूचे, काळ्या जमिनीतले लोक. आमचं रान कळमनुरीकडं, माळावरचं, मुरमाड. मुलीचे वडील घरदार बघायला येणार म्हणून काकानं मला बजावलं, की बैलांचं बोल, वैरणीचं बोल, तिकडच्या जनावरांचं एक अक्षर काढू नकोस.

पाहुणे आधी रानात गेले. मूठभर माती उचलून त्यांनी ती बोटांतून सोडली. माती गेली, हातात खडे राहिले. ओसरीवर येऊन त्यांनी चहा घेतला आणि मग काकाला म्हणाले, "पोराला मोटार हाकता येती. असल्या रानात कशाला टिकंल? उद्या हा हैदराबादेला गेला, तर माझ्या लेकीनं इथं गोटेच येचायचे का?"

काका बैलांची वंशावळ सांगू लागला. पाहुण्यांनी ती ऐकून घेतली आणि केवळ रीत म्हणून मला विचारलं, तिकडची जमीन कशी असते. काकानं डोळे वटारले, पण मी सुटलो होतो.

सांगितलं, की आपला माळ त्यापुढं मळा वाटावा इतकं ते कोरडं. सकाळी चढावर लॉरी आली की नजर पोचेल तिथवर तांबडी माती, आणि उघडून ठेवलेल्या छत्र्यांसारखी काट्यांची झाडं. वारुळं देवळाच्या शिखराएवढी. भर दुपारी, सावलीचा पत्ता नसताना, अंगानं रोह्यासारखी, नीलगाईएवढी, आणि भाल्यासारख्या सरळ शिंगांची जनावरं अशी उभी, की मुलूख त्यांच्याच नावावर असावा. एकदा एक शहामृग लॉरीच्या बराबर पळालं. मी शर्यत लावली. ते पुढं निघून गेलं, माझं निम्मं पाणी सांडलं आणि साहेबानं मला उन्हात उभं केलं. उभ्या उभ्या मी पुन्हा त्या शहामृगाचीच वाट बघत होतो.

मग लांब मानेचं ते हरीण. मागच्या पायांवर माणसासारखं उभं राहून वरचा पाला खातं. तोंडानं सांगून पटेना, म्हणून मी उठलो, हात छातीशी दुमडले आणि आढ्याकडं मान ताणली. ज्याचं लग्न ठरायचं होतं तो मी.

पाहुणे काळजीत पडले. जन्मभर हिवाळ्यात मचाणावर बसून, गोफण घेऊन काळविटं हाकलणारा तो माणूस.

"मग पिकाची राखण कोण करतं?"

"पीकच न्हाई. पाऊस कधीमधी. लोक उंटं, शेरडं घेऊन हिंडतात."

एवढी हरणं, आणि त्यांनी खायला ज्वारी नाही, हे मनात बसवायला त्यांना वेळ लागला.

"अन् तरी तुमाला ते रान आवडलं?"

"लई," मी म्हणालो. काकानं कपाळाला हात लावला.

पाहुण्यांनी बाहेर माळाकडं बघितलं. मग काकाला म्हणाले, "जिथं कायीच पिकत न्हाई, त्या रानाची हे पोरगं इतकी तारीफ करून राहिलंय. तुमच्या मुरमात तूर तरी येती. हे न्हाई जायचं सोडून."

लग्न झालं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं रानात गोटे वेचत होतो. ती कंबर सरळ करत म्हणाली, ते हरीण उभं कसं राहतं ते दाखवा. तिच्या वडिलांनी घरी करून दाखवलं होतं म्हणे, पण त्यांची मान आखूड पडली होती.

मी इकडंतिकडं बघितलं. बांधावर कोणी नव्हतं. हातातला गोटा खाली ठेवला आणि उभा राहिलो.