मापाची सायकल

रविवारी सकाळी नऊला सांताक्रूझहून एक गृहस्थ माझी रोड बाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगाची सायकल, विकत घ्यायला येणार होते, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. साफ खोटं! सत्तेचाळिसाव्या वर्षी फक्त स्वतःसाठी घेतलेली ती माझी पहिली वस्तू. पण अर्धा तास चालवली की उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायची. एकदा घरी आल्यावर कुलपात किल्ली फिरवता येईना, तेव्हा घाबरले आणि विकायला काढली.

दोष माझाच. आमच्या भांडुपच्या सायकल ग्रुपमधली तरणी मंडळी म्हणाली, "ताई, हँडल खाली घ्या ना, झकास दिसेल!" हँडल धरून ठेवणाऱ्या पुढच्या दांड्याखाली तीन कड्या होत्या. त्या तिन्ही काढून मी दांड्याच्या वर चढवल्या, तसं हँडल खाली आलं. दिसायला खरंच झकास. चालवताना मात्र सगळा भार तळहातांवर.

शनिवारी दुपारी गिऱ्हाइकासाठी सायकल पुसत होते, तर आई शेजारी येऊन उभी राहिली. आई मालवणची. तीस वर्षं घरच्या मशीनवर तिने बायकांचे ब्लाउज शिवले.

"ब्लाउज शिवूक टाकतस तेव्हा मापाचो देतस मा?"

"देते की."

"मगे ह्या सायकलीक मापाक काय दिलंस?"

मी हसले आणि मध्येच थांबले. मापाचा ब्लाउज! अंगाला नीट बसलेला जुना ब्लाउज नेऊन द्यायचा आणि सांगायचं, असाच शिवा. साधी गोष्ट, पण एवढी महाग सायकल घेताना ती मला सुचली नव्हती. जिन्याखाली माझी सरळ हँडलची जुनी सायकल धूळ खात पडली होती. दहा वर्षं चालवली, बोटांनी कधी हूं की चूं केलं नाही.

दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या. आईने टेपने सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर घेतलं, मग उंची. नवीचं हँडल तीन बोटं लांब आणि चार बोटं खाली. मला नाचावंसं वाटलं! हात बिघडलेच नव्हते, माप चुकलं होतं.

"सगळा कमी करू नको गो," आई म्हणाली. "जरा तंग रवांदे." म्हणजे थोडा ताण राहू दे, सायकल वेगाची आहे.

ओळखीच्या मेकॅनिककडे धावत गेले आणि आखूड दांडा आणला. तिन्ही कड्या पुन्हा खाली घातल्या. आधी वरचा स्क्रू आवळून ढिलेपणा काढला, हँडल पुढच्या चाकाशी सरळ केलं, मग बाजूचे दोन स्क्रू थोडे थोडे घट्ट केले. पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवून पाहिली. खडखड नाही.

रविवारी आठला निघाले. कोपरं आपोआप वाकलेली, मान मोकळी. अर्धा तास झाला तरी बोटं जागी! ऐरोलीच्या पुलावर मी मोठ्याने ओरडले, शेजारून जाणारा दूधवाला दचकला. परत फिरायला हवं होतं, पण मन भरेना. पुलाची आणखी एक फेरी मारली आणि घरी पोचायला सव्वानऊ झाले.

गृहस्थ बिल्डिंगच्या खाली खुर्चीवर चहा पीत बसले होते, आई समोर. तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी पाचही बोटं हवेत नाचवली.

आई त्यांच्याकडे वळली. "ती तुमका बसूची नाय. हिच्या मापाची झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी मनापासून माफी मागितली, पण तोवर मी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायला लागलेही होते.