दोन चिंचोके

थांबराव यंत्राला हात लावत नसे. आम्ही बाकीचे दिवसभर त्या कपाटाएवढ्या यंत्राची बटणं दाबत असू आणि हा त्याच्याकडे पाठ करून सतरंजीच्या तुकड्यावर बसलेला असे. खरं नाव वेगळं होतं. काहीही विचारलं तरी पहिला शब्द "थांब" यायचा, म्हणून तो थांबराव. हे नाव मी ठेवलं. प्रेमाने ठेवलं, असं पुढे पुष्कळांना सांगितलंही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. सांगलीतली आमची छोटी कंपनी पाटणपलीकडच्या एका वीजघरासाठी संगणक बांधत होती. त्याला प्रोसेसर दोन. म्हणजे डोकी दोन आणि स्मरण एकच. एका डोक्यावर यंत्र आठवडाभर सुरळीत चाले. दुसरं जोडलं की कधी तासाभरात, कधी दुपारी गप्प. कुठलं काम कुणी उचलायचं हे ठरवणाऱ्या गाभ्यातच, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्येच, कुठेतरी चूक होती. साहेबांनी उद्घाटनाची कोनशिला तेवढी कोरून घेतली होती. चूक काढील त्याला वर्षभर जर्मनीला पाठवू, असं त्यांनी जाहीर केलं. जागा एकच. पुण्याला शिकलेला मी एकटाच, तेव्हा मी मनातल्या मनात बॅगही भरली होती.

थांबराव जतकडचा. वडील मेंढरं राखायचे. दोन कळप मिसळले तर ते मेंढरांमागे न धावता वाटेवरचे खूर बघत बसत, असं तो सांगे. मला ते ऐकवत नसे, कारण ऐकणारे सगळे माझ्याकडे पाठ करून बसलेले असत.

"यंत्राला काय इचारायचं?" तो म्हणे. "त्याला ठावं असतं तर बंद कशाला पडलं असतं?"

त्याने गाभ्याच्या सगळ्या ओळी कागदावर उतरवल्या, खिशातून दोन चिंचोके काढले आणि एक माझ्यापुढे ठेवला. "तू उजवं डोकं, मी डावं. एकेक ओळ खाली सरकायचं. मनाला यील तवा थांब, मनाला यील तवा हल."

चार दिवस आम्ही दोन पदवीधर चिंचोके सरकवत होतो. चूक सापडेना. कामांच्या यादीला हात लावण्याआधी ती मोकळी आहे का हे बघायचं, ही एक ओळ. मोकळी असेल तर 'माझी' अशी खूण करायची, ही पुढची. मी शिस्तीचा माणूस. दोन्ही ओळी एका दमात पार करी आणि मगच थांबे.

पाचव्या दिवशी साहेब आले. थांबरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठवर आलंय?" मी शेजारीच होतो. मला विचारलं नाही.

साहेब गेले. माझा चिंचोका तेव्हा 'मोकळी आहे' या ओळीवर होता. मी तो तसाच टाकून उठलो. दोन तासांचा डाव मोडावा, एवढाच हेतू. गाड्यावर दोन चहा घेतले. दुसरा नको होता.

परत आलो तर थांबराव तसाच बसलेला. दोन्ही चिंचोके यादीवर, शेजारी शेजारी.

"ये गड्या," तो म्हणाला. "तू बघून गेलास, खूण केली न्हाईस. मी आलो, मलाबी मोकळीच दिसली. दोगंबी आत."

बघणं आणि खूण करणं यांच्यामध्ये फट होती; तेवढ्यात दुसरं डोकं त्याच यादीत शिरे आणि यंत्र गप्प होई. दोन्ही एकाच हुकमात करण्याची सोय यंत्रात आधीपासून होती. आम्ही ती वापरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून यंत्र चाललं ते थांबलंच नाही. थांबरावने अहवाल लिहिला: चूक ह्यांच्यामुळे सापडली. ह्यांच्यामुळे, म्हणजे माझ्यामुळे. साहेबांना पुण्याची पदवी जर्मनीत शोभणारी वाटलीच होती.

मिरज स्टेशनवर तो एकटाच पोचवायला आला. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना मला राहवलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी मी मुद्दाम उठलो होतो. तुझा डाव मोडायला."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "चांगल्या मनानं उठला असतास तर ओळ पुरी करून उठला असतास. मग चूक कशाची घावतीय?"

मग त्याने माझा चिंचोका माझ्या हातात ठेवला आणि पाण्याची बाटली भरून आणायला गेला.

जर्मनीहून आल्यावर मला पदं मिळाली, खुर्ची मिळाली, दारावर नाव लागलं. तो सांगलीतच राहिला, आणि भेटला की माझं सगळं मन लावून ऐकायचा, खूश व्हायचा. आता तो नाही. त्याला माझा एकदाही हेवा वाटला नाही, हे मात्र मी त्याला अजून माफ केलेलं नाही.