बाबांच्या वतीने

बाबांचं तेरावं झालं आणि मी पुन्हा कामाला बसले. काम घरूनच करते. घर चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून आत, शेतांच्या कडेला आहे. आमची कंपनी फोनमधला एक मदतनीस बनवते. वय झालेल्या माणसांशी तो रोज थोडं बोलतो, औषधांची आठवण करतो, आणि त्यांच्याबद्दल जे कळेल ते लक्षात ठेवून पुढचं बोलणं ठरवतो. त्याने काय विचारायचं, कसं विचारायचं आणि कधी गप्प राहायचं, हे ठरवणं माझं काम.

सुरुवातीला आम्ही सरळ विचारत होतो, आज तब्येत कशी आहे? उत्तर यायचं, बरी आहे. त्यापुढे यंत्राला बोलण्यासारखं काही उरायचंच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला तोंडावर तब्येत विचारत नाहीत. विचारायचं असतं ते असं: आज कुठवर गेला होता? मग तो सांगतो, सडकेपर्यंत, किंवा देवळापर्यंत, किंवा नुसता अंगणात. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं आणि सांगणाऱ्याला काही कबूल करावं लागत नाही. मी हा प्रश्न यंत्राला शिकवला. माणसं बोलायला लागली. बैठकीत माझं कौतुक झालं आणि मला ते आवडलं.

चाचणीसाठी घरातलं कोणी असेल तर बघा, असं ठरलं तेव्हा मी बाबांच्या फोनवर तो मदतनीस घातला. बाबा साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घरची भातशेती बघणारे. आई आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सुधारणेसाठी काही संभाषणं आमची माणसं तपासू शकतात. खाली 'मान्य' असं बटण. बाबा गोठ्यात होते. मी बटण दाबलं आणि फोन त्यांच्या हातात नेऊन दिला.

"ह्ये काय रोज माझी हजेरी घेनार?" ते म्हणाले. "कंपनीत पंच मारायचो तसं?"

"हजेरी नाही बाबा. गप्पा मारायच्या."

"माज्याशी? मग त्याचीच तब्येत बिघडंल."

फोन उलटासुलटा करून बघत त्यांनी विचारलं, "आन मी बोल्लेलं कोन ऐकतं गं?"

"कोणी नाही. यंत्र आहे ते."

"बघ हां. नायतर गावभर व्हायचं."

"नाही होणार."

मी खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलं नाही. इतक्या लोकांच्या बोलण्यातून नेमकं त्यांचं कोण काढून बघणार, असं मनात होतं. आणि खरं सांगितलं असतं तर त्यांनी फोन फडताळात ठेवून दिला असता, हेही मनात होतं.

ते सकाळी फिरायला जायचे तेव्हा मी बैठकीत असायचे. जेवताना मीही विचारायचे, कुठवर गेला होता. "सडकेपर्यंत जाऊन आलो," ते सांगायचे.

एका दुपारी जेवून हात धुताना ते खाली बसले. गाडी मिळवून खोपोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधीपासून त्रास होत असणार. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, "आदी काय बोल्ले नाय का गं?" मी प्रत्येकाला सांगितलं, काहीच नाही, आदल्या दिवशीसुद्धा सडकेपर्यंत जाऊन आले होते.

कामावर परतल्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्याच्या सहकाऱ्याने बैठकीत चाचणीतले चांगले नमुने दाखवले. नावं, गावं काढलेली होती. एका नमुन्यावर तो थांबला. "हे बघा," तो म्हणाला, "तब्येतीचा एकही थेट प्रश्न न विचारता केवढी माहिती मिळाली." पडद्यावर लिहिलं होतं:

'ओढ्यापर्यंतच गेलो. छाती भरून आली, तितं दगडावर बसलो. लेकीला सांगितलं, सडकेपर्यंत गेलतो. तिला मीटिंगा असतात.'

मी कॅमेरा बंद केला. बैठक पुढे चालू राहिली.

संपल्यावर सहकाऱ्याला फोन केला. "तो ओढ्याचा नमुना काढून टाक. ते माझे बाबा आहेत."

तो म्हणाला, "अगं, मला खरंच कल्पना नव्हती." आणि मग, "यंत्राने त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. दोनदा. ते 'बघू' म्हणाले."

"घरी कळवायची सोय असती तर?"

ती सोय नको असं मीच म्हटलं होतं. घरी कळतंय हे समजलं की कोणी खरं बोलणार नाही, असा माझा मुद्दा होता. सगळ्यांना तो पटला होता.

त्याच आठवड्यात मी पहिलं पान बदलायला घेतलं. आता बारीक अक्षरं नाहीत. पहिल्या प्रश्नाआधी यंत्र स्वतःच बोलून सांगतं की तुमचं बोलणं आमच्या कंपनीतली काही माणसं वाचू किंवा ऐकू शकतात, चालेल का? उत्तर त्या माणसानेच, स्वतःच्या तोंडाने द्यायचं. सहकारी म्हणाला, "लोक पुन्हा 'बरी आहे'वर येतील."

"येऊ देत," मी म्हटलं. म्हटलं खरं. पण बाबांना असं विचारलं असतं तर ते बोलले नसते, आणि दगडावर बसल्याचं जगात कोणालाच कळलं नसतं. ते मला बरं वाटलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

शेवटी त्याने विचारलं, "बाकीचं तुला पाठवू का? दीड-दोन महिन्यांचं आहे. आवाजासकट."

बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. लग्नकार्यातल्या चित्रफितींत ते कायम मागे, पंगतीत वाढताना दिसतात. मी त्याला सगळं पुसून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, आज नको, उद्या पुन्हा विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. मी तेच सांगितलं. दुपारी त्याचा निरोप आला की पुसलं.

पुण्याच्या कचेरीत तिघांनी ते सगळं ऐकलेलं आहे. त्यांतल्या एकीचा परवा कामासाठी फोन आला होता. बाबा आणखी काय म्हणाले, हे तिला विचारावं असं पूर्ण वेळ वाटत राहिलं. काम संपलं तशी ती म्हणाली, "आणखी काही?" मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.